काळा पट्टा आणि नारळाची कुस्ती

काळा पट्टा कसा तयार झाला याची एक गोष्ट कराटेच्या बहुतेक क्लासमधे सांगतात. तुम्हीही ऐकली असेल. म्हणे पूर्वी शिष्याला एकच पट्टा मिळायचा, पांढरा. तो कधी धुवायचा नाही असा नियम. सरावात घाम मुरून तो पिवळा पडायचा, गवतात लोळून हिरवा व्हायचा, मातीने तपकिरी आणि अशी बरीच वर्षं गेली की काळा. म्हणून काळा पट्टा म्हणजे मेहनत.

गोष्ट छान आहे. अडचण एवढीच की ती खरी नाही. वर्षभर टॉवेल न धुणाऱ्या रूममेटबरोबर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. पांढरं कापड मळून काळं होत नाही, कळकट होतं :) आणि मधल्या निळ्या पट्ट्याचं काय? तो कशात लोळून निळा झाला?

खरी गोष्ट जास्त साधी आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेदारही. या रंगांमागे कुणी साधू नाही, डोंगरातला मठ नाही. आहेत ते शाळामास्तर.

मी यात एवढं डोकं घातलं त्याला कारण माझी भाची. ताई शिरूरला असते. दाजी रांजणगाव एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. भाची नववीत. गेली चार वर्षं ती कराटेला जाते, सध्या हिरवा पट्टा. जानेवारीत तिच्या क्लासने पालकांची मीटिंग घेतली आणि एक 'स्पेशल बॅच' जाहीर केली. उन्हाळ्यात कॅम्प, एकदम दोन-दोन परीक्षा आणि दहावीच्या आत ब्लॅक बेल्ट. कॅम्प फी, परीक्षा फी, सर्टिफिकेट, पट्टा, सगळं मिळून १८,००० रुपये.

त्या रात्री दाजींचा फोन.

"पाव्हणं, तुमच्या कंपनीत पण असले बेल्ट असत्यात म्हणं. ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट. त्यात खरं काय असतं?"

प्रश्न वर्मी लागला, कारण असतात. मोटोरोलाने १९८६ मधे सिक्स सिग्मा नावाचा प्रकार सुरू केला, कारखान्यातले दोष मोजून कमी करायची पद्धत. पुढे त्यातल्या पायऱ्यांना मार्शल आर्टचीच नावं मिळाली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. आमच्याकडे ग्रीन बेल्ट असलेले लोक आहेत. त्यातले काही खरोखर हुशार आहेत. काहींचा ग्रीन बेल्ट फक्त ईमेलच्या सहीखाली दिसतो. मी दाजींना म्हटलं, "दोन-तीन दिवस द्या, बघून सांगतो."

दोन-तीन दिवसांचे दोन-तीन वीकएंड झाले. जे हाती लागलं ते असं.

जिगोरो कानो. जन्म १८६०. तोक्यो विद्यापीठात शिकलेला, अंगाने किरकोळ पोरगा. जुजुत्सूच्या जुन्या शाळांमधे शिकून त्याने १८८२ मधे तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात स्वतःचा वर्ग सुरू केला. कोडोकान. जागा १२ चटयांची, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे चौरस फूट. पुण्यातल्या वन बीएचकेचा हॉल आणि वर थोडी बाल्कनी धरा. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. यातून ज्यूदो उभं राहिलं.

त्याच्या आधी जपानात युद्धकलेचा दर्जा कापडावर नव्हे, कागदावर असायचा. गुरू शिष्याला गुंडाळी द्यायचा. एक गुंडाळी अमुक डाव शिकल्याची, पुढची तमुक डावांची आणि शेवटची 'आता माझ्याकडे शिकवायला काही उरलं नाही' अशा अर्थाची. अशा गुंडाळ्या मोजक्याच आणि दोन गुंडाळ्यांमधे कितीतरी वर्षं. शिवाय गुंडाळीत काय लिहिलंय हे घरात ठेवणाऱ्याला माहीत. समोर सराव करणाऱ्याला काय कळणार?

कानोने दर्जाची कल्पना उचलली ती एका बैठ्या खेळातून. गो नावाचा पटावरचा खेळ आहे, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा. त्यात सतराव्या शतकापासून खेळाडूंना 'दान' म्हणजे पायऱ्या दिल्या जात. कानोने त्या पायऱ्या ज्यूदोत आणल्या. १८८३ मधे त्याने दोन शिष्यांना पहिलं दान दिलं, त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो. गंमत म्हणजे तेव्हा काळा पट्टा नव्हताच! दान मिळवलेले आणि न मिळवलेले एकाच वेषात. १८८६ च्या सुमारास दानवाल्यांनी काळा पट्टा बांधायची पद्धत पडली, तीसुद्धा किमोनोवर बांधतात तसला रुंद पट्टा. आज आपण बघतो तो जाड पांढरा पोशाख आणि त्यावरचा अरुंद पट्टा विसाव्या शतकातला, १९०७ च्या सुमाराचा.

इथे एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या काळ्या पट्ट्याला म्हणतात 'शोदान'. यातला 'शो' म्हणजे सुरुवातीचा. सुरुवातीची पायरी! आपल्याकडे सिनेमांनी, विशेषतः १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'नंतर आलेल्या लाटेने, काळा पट्टा म्हणजे शेवट अशी समजूत करून दिली. मूळ हिशेबात तो पहिलीतला प्रवेश आहे. त्याच्या आधीचं सगळं बालवाडी. कोडोकानमधे काळ्यानंतर सहाव्या ते आठव्या दानाला लाल-पांढरा पट्टा आणि नवव्या-दहाव्याला लाल. कोडोकानने आजवर दहावं दान दिलं ते फक्त १५ जणांना.

आता, कानोला या पट्ट्याची गरज का पडली असेल? तुम्ही दोनशे चौरस फुटांची खोली डोळ्यासमोर आणा. ज्यूदोत समोरच्याला उचलून आपटायचं असतं. ज्याला नीट पडता येतं त्याला जोरात आपटलं तर चालतं. कालच आलेल्याला तसंच आपटलं तर मान मोडेल. तेव्हा खोलीत जुना कोण, नवा कोण हे एका नजरेत दिसलं पाहिजे. आणि वर्ग वाढला की कानो एकटा किती जणांना शिकवणार? ज्याच्या कमरेला काळा, त्याच्याकडे नव्यांना पाठवा. मला तरी पट्ट्याचा पहिला उपयोग हाच वाटतो. ती खोलीतल्या लोकांसाठी लावलेली पाटी होती, खोलीबाहेरच्यांसाठी नव्हती.

आणि कानो पेशाने होता शिक्षक. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा तो वीसेक वर्षं मुख्याध्यापक होता. इयत्ता, परीक्षा, वरच्या वर्गात चढवणं हे त्याचं रोजचं काम.

कराटेत पट्टे आले तेसुद्धा याच्याकडूनच. ओकिनावा बेटावर लोक साध्या कपड्यांत कराटे करत, पट्टाबिट्टा काही नाही. १९२२ मधे गिचिन फुनाकोशी तिथून तोक्योला आला. हाही शाळामास्तरच! त्याने प्रात्यक्षिक दाखवलं, कानोने त्याला कोडोकानमधे बोलावलं, पुढे फुनाकोशीने ज्यूदोसारखा पोशाख आणि पट्टे घेतले. १० एप्रिल १९२४ ला त्याने सात शिष्यांना कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून जो पट्टा शिरूरच्या मंगल कार्यालयात बांधला जातो, तो कराटेत येऊन जेमतेम शंभर वर्षं झालीत.

पण रंग? पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा? ते जपानचे नाहीतच म्हणा ना. जपानात बराच काळ पांढरा, तपकिरी, काळा एवढ्यावर भागत होतं. रंग फुलले युरोपात. लंडनमधे बुडोक्वाई नावाचा क्लब १९१८ मधे गुंजी कोइझुमीने काढला. तिथे १९२६-२७ च्या सुमारास रंगीत पट्टे दिसू लागतात. मग १९३५ मधे मिकिनोसुके कावाइशी पॅरिसला गेला आणि त्याने पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा ही आज आपल्याला पाठ असलेली रांग रुळवली.

कावाइशीची अडचण कानोपेक्षा वेगळी होती. त्याच्याकडे येणारा माणूस दिवसभर नोकरी करून संध्याकाळी दोन तास येणारा. काळ्या पट्ट्याला चार-पाच वर्षं लागणार आणि तोपर्यंत कमरेला तोच पांढरा? तो सहा महिन्यांत घरी बसेल. (जिमची वर्षाची मेंबरशिप घेतलेल्यांनी हात वर करा.) म्हणून मोठा जिना तोडून छोट्या पायऱ्या. दर काही महिन्यांनी एक रंग, एक टाळी, पुढे जायला एक कारण. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच माइलस्टोन म्हणतो आणि दोन वर्षांच्या प्रोजेक्टला तो नसला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा रंगीत पट्ट्याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. ती लबाडी म्हणून जन्मलेली नाही. शिकणारा टिकावा म्हणून एका शिक्षकाने काढलेली युक्ती आहे. फक्त एवढं पाहायचं की कानोच्या पट्ट्याने 'याला कुणासमोर उभं करू?' या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि कावाइशीच्या पट्ट्याने 'याला टिकवू कसं?' याचं. प्रश्न दोन, कापड एकच.

शिरूरला आता या कापडावर तिसरा आणि चौथा प्रश्न लादलाय. तिसरा पालकांचा, 'भरलेल्या पैशाचं काय मिळालं?' आणि चौथा माझ्या भाचीचा, 'माझ्या अंगात ताकद आली का?'

हा सगळा पाढा मी शिरूरला जाऊन दाजींसमोर वाचला. मार्चमधला रविवार, क्लासची परीक्षाही त्याच दिवशी होती. आम्ही दोघं बघायला गेलो. साठ-सत्तर मुलं, रांगेत, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. हाका, ठोसे, लाथा, सगळं हवेत. दीड तासात आटोपलं. सरांनी माईकवर निकाल सांगितला, सगळे पास. टाळ्या. फोटो. आया डोळे पुसतायत.

परतताना दाजी गप्प. एसटी स्टँडजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाले,

"सगळं झाक होतं. पन कुणी पडलंच न्हाई. मग कुस्ती लागली कुठं?"

हे वाक्य समजायला दाजी कुठून आले ते सांगायला हवं. शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावला भीमा ओलांडतो. पलीकडे दौंड तालुका. दाजींचं गाव त्याच बाजूला, भीमेच्या काठाला. ऊस, केळी आणि चैत्र-वैशाखात जत्रा. जत्रा म्हटली की आखाडा. नव्वदच्या दशकात दाजी तालमीत होते आणि लग्नाआधी चार-पाच वर्षं त्यांनी काठाकाठाच्या गावांचे आखाडे केलेत.

तिथे पट्टा नाही. लंगोट सगळ्यांचा सारखा. मग कोण कुठल्या पायरीवर आहे हे कळतं कसं? मी दाजींना विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं त्याने मी थक्क झालो, कारण तीही चक्क एक ग्रेडिंग सिस्टिम निघाली!

दुपारी आखाडा सुरू होतो तो लहान पोरांनी. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग अकरा रुपयांची कुस्ती, एकवीसची, एक्कावन्नची, एकशेएकची. हलगी वाजत असते. पैलवान पोरगा आखाड्यातून फिरतो, आपल्या जोडीचा शोधतो. जोड बसली की दोघांना कमिटीसमोर नेतात. कमिटीतली जुनी माणसं दोघांच्या अंगाकडे बघतात, कुठल्या तालमीचा, मागच्या जत्रेला कुणाबरोबर लढला, ते विचारतात आणि इनाम पुकारतात. संध्याकाळ होत जाते तसा आकडा वाढत जातो. शेवटची कुस्ती सगळ्यात मोठी.

"म्या पयली नारळावर केली," दाजी म्हणाले. "दुसऱ्या वर्षी एकवीस. मग एक्कावन्नला दोन वर्षं अडकलो. एकशेएकला गेलो तवा वस्तादांनी पाठीवर हात ठेवला."

एक्कावन्नला दोन वर्षं अडकलो! आमच्याकडे याला 'सिनिअर इंजिनिअरला अडकणं' म्हणतात आणि लोक नोकरी बदलतात :)

फरक बघा. दाजींची पायरी त्यांच्या कमरेला नव्हती, लोकांच्या तोंडी होती. या गावात एक्कावन्नला पडलास तर पुढच्या गावी कमिटी एकशेएक पुकारत नाही, कारण बातमी तुझ्या आधी पोचलेली असते. आणि ती दरवर्षी नव्याने मिळवायची. वरच्या पातळीवरही तेच. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे आणि त्याची चांदीची गदा मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाते. जानेवारी २०२३ मधे पुण्यात कोथरूडला ही गदा शिवराज राक्षेने जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे फुलगावला, म्हणजे पुण्याहून शिरूरला जाताना लोणीकंदच्या बाजूला, सिकंदर शेखने त्याच राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. दहा महिने आधीचा विजेता म्हणून राक्षेला एकाही गुणाची सवलत नव्हती.

काळा पट्टा एकदा मिळाला की मिळाला. वीस वर्षांनी पोट सुटलं तरी तो कपाटात काळाच असतो.

तुम्ही म्हणाल, झालं, आता हा 'आपली लाल माती थोर, परदेशी पट्टे खोटे' असं म्हणणार. थांबा. मीही पहिल्या चहाला तिथेच पोचलो होतो. दुसऱ्या चहाला ताईने मला खाली आणलं.

ताई म्हणाली, "तुझ्या दाजींच्या तालमीत पोरींना घेत होते का रे?"

नाही घेत. दाजींच्या गावच्या आखाड्यात त्या काळी बायका कुस्ती बघायलासुद्धा जात नसत. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी भरली मार्च २०२३ मधे, सांगलीला, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांची सुरू झाल्यावर बासष्ट वर्षांनी! माझी भाची पाचवीत असताना तिच्यासाठी शिरूरमधे जे दार उघडं होतं ते कराटेचं होतं, तालमीचं नव्हतं. सरकारी शाळांत मुलींसाठी समग्र शिक्षातून तीन महिन्यांचं स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण चालतं, राणी लक्ष्मीबाईच्या नावाचं, त्यातही बऱ्याच ठिकाणी कराटेच शिकवतात. खेड्यातल्या मुलीने पाय उचलून लाथ मारायची आणि मोठ्याने ओरडायचं, तेही सगळ्यांसमोर, याला मान्यता त्या पांढऱ्या कपड्यांनी आणि रंगीत पट्ट्याने मिळवून दिली. ताई म्हणते, कराटेच्या आधी ही पोरगी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची ते पहिल्या बाकाला ऐकू जायचं नाही.

आणि कुस्तीत जो दोन जत्रांत आपटला तो तिसऱ्या जत्रेला दिसत नाही. दाजींबरोबर तालमीत जायला लागलेले बाराजण होते, पाच वर्षांनी उरले तीन. त्या नऊ जणांना थांबवायला आखाड्याकडे काही नव्हतं. कावाइशीकडे होतं.

शिवाय लोकांनी ठरवलेला दर्जा न्याय्यच असतो असंही नाही, आणि गुरुजनांनी ठरवलेला तर नाहीच. केइको फुकुदाचं उदाहरण घ्या. कानोच्या स्वतःच्या जुजुत्सू गुरूची ही नात, जन्म १९१३. कानोकडे ज्यूदो शिकली, पुढे अमेरिकेत जाऊन तिने पिढ्या घडवल्या. १९५३ मधे तिला पाचवं दान मिळालं आणि मग गाडी थांबली. कारण? बायकांना पाचव्याच्या वर द्यायची पद्धत नव्हती. जवळपास वीस वर्षं. लोकांनी पत्रं लिहून आग्रह धरला तेव्हा १९७२ मधे सहावं मिळालं. २००६ मधे कोडोकानने नववं दिलं आणि २०११ मधे अमेरिकेतल्या संघटनेने दहावं, तेव्हा ती ९८ वर्षांची होती. त्या वीस वर्षांत तिच्या पट्ट्याने तिच्याबद्दल काहीच सांगितलं नाही, सांगितलं ते पट्टा देणाऱ्यांबद्दल.

म्हणजे पट्टा असो की इनाम, विचारायचा प्रश्न एकच उरतो, हे कुणी ठरवलं आणि 'नाही' म्हणायची त्याची तयारी आहे का?

आता त्या १८,००० रुपयांकडे येऊ. दाजींच्या डोक्यात तीन कारणं होती, आम्ही एकेक घेतलं.

पहिलं, दहावीचे वाढीव गुण आणि पुढे पोलीस भरती. यात स्पष्ट आहे. खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर असतं. नुसत्या पट्ट्याच्या सर्टिफिकेटवर नाही. आणि मजा अशी की कराटेच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्पर्धेत लढताना खेळाडू स्वतःचा पट्टा बांधतच नाहीत. एकाला लाल, दुसऱ्याला निळा, कोण कुठल्या बाजूचा ते कळावं म्हणून. तुझा काळा की तपकिरी, पंचांना त्याच्याशी घेणं नाही. आखाड्यातल्या लंगोटासारखंच!

दुसरं, वय. पंधराव्या वर्षाच्या आत ब्लॅक बेल्ट हे कौतुकाचं आहे की काळजीचं? तायक्वांदोवाल्यांनी याचं उत्तर शोधून ठेवलंय. कोरियातलं कुक्कीवोन, १९७२ पासूनची त्यांची मुख्य संस्था, पंधराच्या आतल्या मुलांना दान देतच नाही. 'पूम' देते आणि पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. म्हणजे, तुला येतंय, पण अजून मोठी हो.

तिसरं कारण दाजींनी सगळ्यात शेवटी सांगितलं, चहाच्या कपाकडे बघत. अकरावीला पोरगी पुण्याला जाणार. एसटी, हॉस्टेल, रात्रीचा क्लास. "ब्लॅक बेल्ट असला म्हंजी मला झोप लागंल."

इथे मी थांबलो. हा मुद्दा थट्टेचा नव्हता.

मी त्यांना एवढंच विचारलं, "दाजी, तिला आजवर कुणी खरंच पकडलंय का? सरावात? दंड धरून, सुटून दाखव म्हणून?"

दाजींनी भाचीला बोलावलं. तिने मान हलवली. चार वर्षांत समोरच्याला स्पर्श होईल असा सराव फार तर दहा-बारा वेळा.

मग दाजींनी उठून तिचं मनगट धरलं. जोर न लावता, पण पैलवानाची पकड ती. "सोडव." तिने आधी हसत झटका दिला. मग जोरात. मग दोन्ही हातांनी. सुटलं नाही. ती रडवेली झाली आणि दाजींचा चेहरा तिच्याहून उतरला. ज्या पट्ट्याच्या भरवशावर हा माणूस झोपणार होता, त्याची किंमत त्यालाच स्वतःच्या हाताने कळली होती. आणि मला वाटतं, अशा बाबतीत चुकीचा पट्टा नसण्यापेक्षा वाईट. नसेल तर मुलगी सावध राहते, पळते, ओरडते. असेल तर थांबते.

पैसे भरले नाहीत. क्लास मात्र सोडायचा नाही असं भाचीनेच सांगितलं, फक्त शिकवणारे बदलायचे. गावातच दुसरे एक सर आहेत, त्यांच्याकडे मुलं कमी, भिंतीवर फोटोही कमी. दाजींनी जाऊन त्यांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं कुणी नापास हुतं का?" सर हसले आणि म्हणाले, "निम्मे."

ऑगस्टमधे भाचीने त्यांच्याकडे निळ्या पट्ट्याची परीक्षा दिली. नापास. मुलगी दोन दिवस जेवताना बोलली नाही. ताई माझ्यावरच चिडली, तुझ्या इतिहासामुळे झालं म्हणाली. दाजी मात्र, मी खोटं सांगत नाही, त्या दिवशी येताना पाव किलो पेढे घेऊन आले. ताईने ते फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलले.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून सरावाला गेली. आता सरांनी तिला एक काम दिलंय. नवी पांढरे पट्टेवाली मुलं आली की पहिली पंधरा मिनिटं तिने घ्यायची. पडायचं कसं, मनगट फिरवून हात सोडवायचा कसा, पट्ट्याची दोन टोकं सारखी येतील अशी गाठ मारायची कशी. यासाठी हिरवा पुरतो, असं सरांचं म्हणणं. कानोच्या खोलीतला हिशेब तो हाच.

आणि रोज रात्री जेवणानंतर घरात मनगट धरायचा कार्यक्रम असतो. दाजींची पकड. परवा फोनवर ताई सांगत होती, पाचातून दोनदा सुटते आता. दाजी ढिलं सोडतायत का, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "ढिलं? त्यांच्या हातावर नखं उमटलीत."

असो. पुढची परीक्षा दिवाळीनंतर आहे. ती पास होईल का, आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही, सरांनाही नाही. दाजींनी त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवलीये.